वैदर्भी रीति आणि फ्रेंच पंडित तेन

वैशाखाच्या दिवसांत नागपूरच्या कोणत्याहि घरीं दुपारीं चार शिकलेलीं माणसें एकत्र बसलीं म्हणजे एक ठराविक संभाषण कानीं पडतें. पुण्याकडे इतके लेखक झाले, मुंबईकडे इतके झाले. मग आपल्या प्रांतांत तितके कां झाले नाहींत? प्रश्न ठराविक, तसें उत्तरहि ठराविक. कोणी उन्हावर खापर फोडतो, कोणी काळ्या मातीवर, कोणी येथील माणसाच्या ऐसपैस व दिलदार स्वभावावर. आणि एखादे वयोवृद्ध गृहस्थ "अहो, आपल्या रक्तांतच तें नाहीं" असें म्हणून अडकित्ता हातीं घेतात. नातवानें परीक्षेंत वरचा क्रमांक मिळविला, कीं हेच गृहस्थ "आमच्या रक्तांतच विद्या आहे" असें आल्यागेल्याला सांगत असतात. एकाच रक्ताची अशी उलटसुलट साक्ष काढलेली ऐकून कोणाला हंसूं येत नाहीं, हें विशेष.

हंसूं येत नाहीं, कारण हा विचार दिसतो तितका भाबडा नाहीं. एकोणिसाव्या शतकांत एका मोठ्या फ्रेंच पंडितानें त्याला शास्त्राच्या पदवीला नेऊन बसविलें होतें. ईपॉलीत तेन हें त्याचें नांव. टीकाकार व इतिहासकार अशा दोन्ही नात्यांनीं त्यानें युरोपांत आपली छाप पाडली, आणि एखाद्या ग्रंथावर लिहितांना ग्रंथकाराचा देश, त्याचें घराणें व त्याचा काळ यांची चौकशी करण्याची जी पद्धति आज आपल्या शाळा-महाविद्यालयांतील मुलांच्याहि अंगवळणीं पडली आहे, तिच्या मुळाशीं बऱ्याच अंशीं हाच माणूस आहे.

तेनचा जन्म २१ एप्रिल १८२८ रोजीं फ्रान्सच्या ईशान्येकडील आर्देन भागांत वूझिए या गांवीं झाला. पॅरिसच्या एकोल नॉर्माल या नामांकित विद्यालयांत तो शिकला. बुद्धिमत्तेबद्दल त्याची कीर्ति होती. परंतु १८५१ सालीं तत्त्वज्ञानाच्या वरिष्ठ परीक्षेंत तो अनुत्तीर्ण झाला, कारण परीक्षकांना त्याचीं मतें रुचलीं नाहींत. तेव्हां त्यानें तत्त्वज्ञानाचा नाद सोडून वाङ्मयाकडे मोर्चा वळविला आणि १८५३ सालीं ला फाँतेन या कवीवर प्रबंध लिहून पदवी मिळविली. पशुपक्ष्यांच्या गोष्टी पद्यांत सांगणारा हा कवि आपल्याला अगदींच परका नाहीं. आपल्या पंचतंत्रांतल्या कथा फिरत फिरत त्याच्यापर्यंत पोंचल्या होत्या, आणि दुसऱ्या संग्रहाच्या आरंभीं त्यानें एका हिंदी ऋषीचें ऋण मोकळ्या मनानें मान्य केलें आहे.

या ला फाँतेनचें विवेचन तेननें कोठून सुरू केलें? कवीच्या जन्मभूमीपासून. शँपेन प्रांतांतल्या बुटक्या टेंकड्या, बारीक ओढे, ना कडाक्याची थंडी ना रणरणतें ऊन. अशा भूमींत माणूस भव्य स्वप्नें पाहणारा न होतां चलाख, मिस्किल व मोजकें बोलणारा होतो, आणि ला फाँतेनची कविता हें त्या भूमीचेंच फळ होय, असें त्याचें प्रतिपादन. पुढें चित्रकलेविषयीं लिहितांना डच चित्रांतले रंग त्यानें हॉलंडच्या ओलसर हवेशीं व सपाट जमिनीशीं जोडले. १८६३-६४ सालीं इंग्रजी वाङ्मयाचा त्याचा मोठा इतिहास बाहेर पडला आणि त्याच्या प्रस्तावनेंत ते प्रसिद्ध तीन शब्द आले : वंश, परिस्थिति व काल. माणूस जन्मतः जें घेऊन येतो तो वंश. भोंवतालची हवा, जमीन, राज्यव्यवस्था व समाज ही परिस्थिति. आणि पूर्वी जें घडून गेलें त्याचा साचलेला जोर तो काल. ही तीन बलें नीट मोजतां आलीं, तर ग्रंथ असाच कां झाला हें सांगतां येईल, अशी त्याची उमेद होती. दगडांत सांपडलेला शिंपला आपण पाहतों तो आंत एके काळीं राहणाऱ्या जीवासाठीं; ग्रंथहि त्याच दृष्टीनें पहावा, म्हणजे त्याच्या मागचा माणूस व माणसाच्या मागचा समाज दिसूं लागतो, असें तो सांगे. त्याच प्रस्तावनेंत त्यानें सद्गुण-दुर्गुणांचीहि चौकशी साखर आणि तेजाब यांच्या घडणीसारखी करावी असें सुचविलें, आणि धर्मनिष्ठ मंडळींत एकच गहजब उडाला. फ्रेंच अकादमींत त्या ग्रंथाला पारितोषिक देण्याचें घाटत असतां बिशप द्युपाँलू यानें कडाडून विरोध केला व पारितोषिक बारगळलें. पुढें १८७८ सालीं त्याच अकादमीनें तेनला आपला सभासद करून घेतलें, हें मात्र विद्वत्सभांच्या सर्वत्र आढळणाऱ्या रीतीला धरूनच झालें. १८९३ सालीं तो वारला.

आतां हें सारें नागपूरकरांनीं कां ऐकावें, असें कोणी विचारील. त्याचें कारण असें कीं, काव्याच्या शैलीला एका देशाचें नांव देण्याचा प्रघात भारतांत फार जुना असून त्या नांवांत सर्वांत मानाचें नांव आपल्याच प्रांताचें आहे. वैदर्भी रीति! समास थोडे, वर्ण मधुर, अर्थ ऐकतांच मनांत उतरणारा. अशा रचनेला पूर्वसूरींनीं वैदर्भी म्हटलें आणि लांबलचक समासांच्या, कानांत घुमणाऱ्या रचनेला गौडी. सातव्या शतकाच्या सुमारास दंडीनें काव्याचे जे दहा गुण सांगितले, ते त्याच्या मतें वैदर्भ मार्गाचे प्राणच होत.

पुढें इ. स. ९०० च्या सुमारास राजशेखरानें तर या भूगोलाची एक गोड कथाच केली. हा पंडित कनोजच्या दरबारीं होता, पण त्याचें यायावर घराणें महाराष्ट्रांतलें. त्याच्या काव्यमीमांसेंत सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष रुसून घर सोडून निघतो आणि त्याला वश करण्यासाठीं देवी साहित्यविद्या नांवाची वधू त्याच्या मागोमाग जाते. पूर्वेकडे तिचा वेश व नृत्य पाहून तो भुलत नाहीं. तेथें तो लांब समासांत बोलतो, ती गौडी. जसजसे प्रदेश ओलांडावे, तसतसा तो विरघळत जातो. दक्षिणेंत येईपर्यंत पुरता वश होऊन तो जें बोलतो, ती वैदर्भी. आणि दोघांचें लग्न लागतें तें विदर्भांतल्या वत्सगुल्म नगरांत, म्हणजे आपल्या वाशीमला! वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी. अजिंठ्याचें सोळावें लेणें ज्या वराहदेवानें कोरविलें, तो याच शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री. वाशीमच्या वाटेनें जाणाऱ्या किती प्रवाशांना हें ठाऊक असतें, कोण जाणे.

या कथेंत देशपरत्वें वेश बदलतो, नृत्य बदलतें व बोलणेंहि बदलतें. तेनच्या परिस्थितीचें हें भारतीय रूपच म्हणावें, असा मोह कोणालाहि होईल. पण आपल्या शास्त्रकारांनीं हा मोह निमूटपणें पत्करला नाहीं. राजशेखराच्याहि पूर्वी, आठव्या शतकांत, काश्मिरांत वामन होऊन गेला. रीति हा काव्याचा आत्मा असें मानणारा हा आचार्य; म्हणजे वैदर्भीचा केवढा कैवारी! त्यानेंच स्वतःवर शंका घेतली आहे : एखादी वनस्पति विशिष्ट भूमींत गुणकारी निपजते, तसा देशामुळें काव्यांत गुण उतरतो कीं काय? आणि स्वतःच उत्तर दिलें आहे कीं, तसें मुळींच नाहीं. विदर्भांतल्या कवींच्या ठिकाणीं ही रीति प्रथम शुद्ध रूपांत दिसली म्हणून तिला तें नांव पडलें. देश काव्याला कांहीं देत नाहीं.

वामनाच्या आधीं भामहानें हा वैदर्भ-गौड भेदच फोल ठरविला होता. दोनतीनशें वर्षांनीं कुंतक याहून पुढें गेला. देशावरून रीति ठरवावयाच्या तर देश असंख्य, मग रीतीहि असंख्य मानाव्या लागतील, असा त्याचा पहिला टोला. दुसरा अधिक खोंचक आहे. मामेबहिणीशीं लग्न करणें ही देशाची चाल असूं शकते, कारण वाडवडील करीत आले म्हणून आपण करतों; पण काव्य तसें करतां येत नाहीं, त्याला शक्ति, व्युत्पत्ति व अभ्यास हीं लागतात. (आपल्याकडील देशस्थ घरांना या उदाहरणाचा अर्थ फोडून सांगण्याची गरज नाहीं.) त्यानें देशांचीं नांवें टाकून सुकुमार, विचित्र व मध्यम असे तीन मार्ग सांगितले, आणि त्यांचें मूळ कवीच्या स्वभावांत दाखविलें.

वैदर्भीवर वाद घालणारे हे पंडित होते तरी कोठले? दंडी कांचीचा, भामह, वामन, कुंतक काश्मिराकडचे. विदर्भाची ही मालमत्ता विदर्भाबाहेरच्या लोकांनीं सांभाळली, वापरली व तिच्यावर भांडणेंहि केलीं. वामनाचें म्हणणें खरें ठरावयास एवढी एक गोष्ट पुरे आहे.

तरीहि प्रत्यक्ष कवींवर हें घांसून पाहूं. वैदर्भीचा मुकुटमणि कालिदास. त्याचें जन्मस्थान कोणतें, यावर पंडितांचें एकमत नाहीं. उज्जयिनीपासून काश्मिरापर्यंत अनेकांनीं त्याच्यावर हक्क सांगितला आहे. नागपूरच्या महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं आपल्या 'कालिदास' या १९३४ सालच्या ग्रंथांत मेघदूतांतील रामगिरि म्हणजे नागपूरजवळचें रामटेक होय, हा पक्ष समर्थपणें मांडला; वाकाटकांच्या दरबाराशीं कवीचा संबंध आला असावा, असेंहि त्यांचें मत होतें. मालविकाग्निमित्रांत विदर्भाचें राज्य वरदा नदी मध्यें घालून दोन भावांत वांटून दिलें आहे, ती वरदा म्हणजे आपली वर्धा नदी. या भूमीची माहिती कालिदासाला खास होती. पण तो येथला रहिवासी होता असें कोणाला सिद्ध करतां आलेलें नाहीं. स्वतः मिराशी तरी कोठले? जन्मले कोंकणांत, १८९३ सालीं, म्हणजे तेन वारला त्याच वर्षीं. आणि वाकाटकांचे ताम्रपट लावण्यांत आयुष्य वेंचून १९८५ सालीं वारले. विदर्भाला त्याचा विसरलेला इतिहास परत मिळवून देणारा माणूस देवगडच्या बाजूचा असावा, याची संगति वंशानें कशी लावणार?

याच्या उलट भवभूति निःसंशय आपला. मालतीमाधवाच्या प्रस्तावनेंत आपलें घराणें पद्मपूर नगराचें असल्याचें त्यानें स्वतःच सांगितलें आहे. तें पद्मपूर म्हणजे गोंदिया जिल्ह्यांत आमगांवजवळचें पदमपूर, असा निर्णय मिराशींनींच दिला. आतां अस्सल विदर्भाचा हा पुत्र लिहितो कसा? मालतीमाधवांतलीं अरण्यें, स्मशान, डोंगरांवरून कोसळणारें पाणी यांचीं वर्णनें वाचतांना समासांमागून समास येतात, आणि वाचणाऱ्याचा श्वास कोंडतो. जिला गौडी म्हणतात ती हीच. तोच कवि उत्तररामचरितांत सीतेच्या विरहाशीं आला म्हणजे इतका साधा होतो कीं, शब्द आहेत हेंच विसरावें. वैदर्भी त्याला येत नव्हती असें नाहीं. प्रसंग पाहून तो ती घेई आणि टाकी. अरण्याचा गडदपणा येथल्या रानांतून आला असेल. समासाची निवड मात्र त्याची स्वतःची. कालाच्या बाबतींतहि तो तेनच्या हिशेबांत बसत नाहीं, कारण आपल्या काळांतल्या रसिकांनीं उपेक्षा केली असतां त्यानें पुढें केव्हांतरी, कोठेंतरी जन्मणाऱ्या समानधर्म्यावर भरवसा ठेवला होता.

म्हणजे तेनचें सारेंच टाकाऊ, असें मात्र मी म्हणत नाहीं. परिस्थिति हा त्याचा दुसरा शब्द आपल्या प्रांताला फार चांगला लागूं पडतो. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ जें लीळाचरित्र, तें तेराव्या शतकाच्या अखेरीस अमरावती जिल्ह्यांतल्या रिद्धपुराच्या आसऱ्यानें म्हाइंभटानें सिद्ध केलें. ज्यांच्या आठवणी त्यांत आहेत ते चक्रधर जन्मानें गुजराथचे, म्हाइंभट नगरकडचा. पण सामान्य माणसाच्या बोलींत उपदेश करावयाचा हा पंथाचा बाणा, आणि गुरूचा शब्द न शब्द जपणारी शिष्यमंडळी, ही परिस्थिति तेथें होती म्हणून तें गद्य जन्मलें. येथें वंश आडवा येत नाहीं. आपल्या काळांत महेश एलकुंचवार यांच्या 'वाडा चिरेबंदी' या १९८५ सालच्या नाटकांतला धरणगांवच्या देशपांड्यांचा वाडा घ्या. वतन गेलें, जमीन आटली, अंगणांत नादुरुस्त ट्रॅक्टर उभा, आणि आंत चार पिढ्यांच्या सवयी अजून पाय पसरून बसलेल्या. हें घर उचलून सदाशिव पेठेंत नेऊन ठेवतां येणार नाहीं. ज्यांनीं एकत्र कुटुंबांत दिवस काढले आहेत, त्यांना त्यांतली भावजयांची धुसफूस समजावून घेण्यास टीकाकाराची गरज पडत नसेल; पण ती धुसफूस त्याच काळांत इतकी तीव्र कां झाली, हें तेनच्याच रीतीनें कळतें.

अडचण आहे ती पहिल्या शब्दाची. वंश हा शब्द तेननें निसर्गशास्त्रज्ञाच्या थंडपणानें वापरला. त्याच्या मागून आलेल्यांनीं तो तसा ठेवला नाहीं, आणि विसाव्या शतकांत जर्मनींत वंशाच्या नांवाखालीं काय झालें तें जगानें पाहिलें. पण एवढें दूर जाण्याचें कारण नाहीं. वर सांगितलेल्या अडकित्त्याच्या गृहस्थांचें वाक्य पुन्हा ऐकावें. विद्या आपल्या रक्तांत आहे असें एकानें म्हटलें, कीं ती दुसऱ्याच्या रक्तांत नाहीं असें न बोलतां बोललें जातें; आणि पिढ्यान् पिढ्या आपल्या घरांतून तें बोललें गेलें आहे.

याच नागपुरांत त्याला उत्तर मिळालें. जिल्ह्यांतल्या मोहपा गांवीं १८७९ सालीं किसन फागुजी बनसोडे यांचा जन्म अस्पृश्य मानल्या गेलेल्या महार कुटुंबांत झाला. त्यांच्या वाडवडिलांना पाटी-लेखणीचा स्पर्शहि होऊं दिला गेला नव्हता. एम्प्रेस मिल १८७७ सालीं सुरू झाली होती. खेड्यांतून गिरणीत येणाऱ्या माणसाला रोख पगार मिळूं लागला, शहराची वस्ती वाढली, आणि जातीच्या जुन्या कामापासून सुटण्याची एक वाट निघाली. त्या गिरणीशीं संबंध आलेले बनसोडे लेखक झाले, कवि झाले, पत्रकार झाले. मुलींची शाळा काढली, स्वतःचा छापखाना घातला आणि एकामागून एक वृत्तपत्रें चालविलीं. १९४६ सालीं ते वारले. त्यानंतर दहा वर्षांनीं, १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं, डॉक्टर आंबेडकरांनीं याच शहरांत बौद्ध धर्माची दीक्षा घेतली व दिली, आणि पुढच्या पंचवीस वर्षांत मराठी वाङ्मयाचा एक मोठा प्रवाह त्या समाजांतून वाहूं लागला. दोन पिढ्यांत रक्त कांहीं बदललें नव्हतें. शाळा, मजुरी, छापखाना व स्वाभिमान हीं बदललीं होतीं, आणि तींहि हवापाण्यासारखीं आपोआप बदललीं नव्हतीं. माणसांनीं तीं बदलून घेतलीं. परिस्थिति माणसाला घडविते हें तेननें पुष्कळ सांगितलें. माणूस परिस्थिति घडवितो, या बाजूकडे त्यानें पुरेसें पाहिलें नाहीं असें मला वाटतें.

त्याच्यावर त्याच्या हयातींत घेतलेला मुख्य आक्षेप मात्र वेगळा होता. सँत-बव हा थोर टीकाकार तेनचा गुणग्राहक. पण १८६४ सालींच त्यानें अशा आशयाचें लिहिलें कीं, या पद्धतीनें कवीच्या भोंवतालचें सर्व कांहीं हातीं लागतें, एक कवि तेवढा निसटतो. एकाच घरांत, एकाच काळीं वाढलेल्या अनेकांतून एकालाच ती ठिणगी कां मिळावी? राजशेखराची पत्नी अवंतिसुंदरी हिनें हाच प्रश्न दुसऱ्या टोंकाकडून सोडविला आहे. चाहमान कुळांतली ही विदुषी. नवऱ्यानें आपल्या शास्त्रग्रंथांत तिचें मत नांवानिशीं नोंदवावें एवढी तिची योग्यता. ती म्हणते कीं, वस्तूचें रूप ठरलेलें नसतेंच. चतुर कवीच्या बोलण्याच्या ढबीवर तें अवलंबून असतें. ज्याला स्तुति करावयाची त्याचा चंद्र अमृत सांडतो. निंदा करणाऱ्याला तोच चंद्र दोषांची खाण दिसतो. मग उन्हाळा एकच असला, तरी कविता एक कशी होईल? नागपूरला ग्रेस राहिले आणि सुरेश भटहि राहिले. दोघांचीं शहरें एक, वर्षें बव्हंशीं तींच. एकाची ओळ उलगडतांना भलेभले थकतात. दुसऱ्याची पहिल्याच ऐकण्यांत रिक्षावाल्याच्याहि ओठीं बसते.

आणि सँत-बवनें कल्पनेनें मांडलेलें उदाहरण नागपुरांत अक्षरशः घडलें आहे. ग्वाल्हेर संस्थानांत पोलीस खात्यांत नोकरी करणाऱ्या एका मराठी गृहस्थांचे दोन मुलगे, गजानन आणि शरच्चंद्र मुक्तिबोध. थोरले १९१७ चे, धाकटे १९२१ चे. आई एक, घरची भाषा मराठी, बाहेर माळव्याची हिंदी. दोघांनाहि समाजवादी विचारांची ओढ, दोघेहि कवि, दोघेहि मोठे टीकाकार. इतकें सारें तेननें आधीं सांगितलें असतें, तर तें बरोबर ठरलें असतें. त्याला सांगतां आलें नसतें तें एकच : थोरल्यानें हिंदींत लिहिलें, धाकट्यानें मराठींत. १९४८ सालीं गजानन माधव नागपूरला आले व दहा वर्षें येथें नोकऱ्या आणि पत्रकारी करीत राहिले. शरच्चंद्र येथेंच प्राध्यापक झाले. धाकट्यांचा 'नवी मळवाट' १९४९ सालीं बाहेर पडला, तेव्हां थोरले याच गांवांत हिंदींत लिहीत होते. त्यांचा पहिला स्वतंत्र काव्यसंग्रह निघण्यास आणखी पंधरा वर्षें लागलीं, आणि तो निघाला तें त्यांच्या मृत्यूचें वर्ष होतें.